स्वोर्डफिशच्या पंखावरचं कुंकू

बाबांना दसऱ्याला एकटं सोडू नये, हे मी परदेशात, केलीव्हिलमध्ये शिकलो. आमचा शेजारी रॉन गॅरेजमध्ये स्वोर्डफिश विमानाचा पंख बनवत होता. म्हणजे महायुद्धात जहाजावरून उडणारं, कापड ताणलेलं, एकावर एक दोन पंखांचं बॉम्बर. रॉनचे वडील तेव्हा त्याची दुरुस्ती करायचे.

बाबा पुण्यातले रिटायर्ड फिटर, रोज मदतीला जायचे. दसऱ्याला सकाळी बघतो तर कोऱ्या पांढऱ्या कापडावर ओलं कुंकू आणि वर झेंडूचा हार!

"बाबा, अहो, विचारायचं तरी!"

"यंत्राची पूजा काय विचारून करतात?"

मी पुसायला गेलो, तर डाग आणखी पसरला. तेवढ्यात रॉन आला. "सॉरी, यंत्र सुखरूप राहावं म्हणून करतात," मी म्हटलं.

महिन्याभराने पंख राखाडी रंगवून झाला. तेवढा डाग मात्र तसाच होता.

"मेट, हे राहिलं का रंगवायचं?" मी रॉनला विचारलं.

"नो. विमान परतलं की डॅड गोळ्यांची भोकं बुजवायचे. जी परतली नाहीत, त्यांच्यासाठी काहीच करता आलं नाही म्हणायचे. तुझ्या बाबांनी याच्यासाठी उडायच्या आधीच काहीतरी केलंय. मी कशाला पुसू?"