उजवी बाजू कोरी

कबरीवरचे दगड कोरणाऱ्याच्या दुकानात मी थांबलो होतो. माझ्या पुढे एक भाऊ-बहीण होते. त्यांची म्हातारी आई मागे बाकावर बसली होती.

"बाबांचं नाव डावीकडे कोरा. उजवी बाजू आईसाठी कोरी ठेवा."

"आईला त्या माणसाच्या शेजारी झोपवणार आहेस?"

"ताई, सगळेच ठेवतात."

"सगळ्यांचे नवरे पट्ट्यानं मारत नाहीत."

"गेले ना आता ते! चर्चचे पाळक म्हणाले, मेलेल्यांना काही कळत नाही. न्यायाच्या दिवसापर्यंत ते नुसते झोपलेले असतात."

"वा! आयुष्यभर आमची झोप उडवली आणि आता स्वतः निवांत घोरणार!"

"मग उठवतील ना. दुष्टांसाठी अग्नी आहेच शास्त्रात."

"किती वेळ जळतात?"

"पाळक म्हणतात, राख होते. मागे काही उरत नाही."

"एवढ्यावर सुटका?"

"मग काय कायम जळत राहायला हवेत? बाप होते आपले."

"मला नको विचारूस. तिला विचार."

"आई, उजवी बाजू ठेवायची ना कोरी?"

"ठेव."

"आई, अगं!"

"माझा हात मोडला तेव्हा हे डॉक्टरांना म्हणाले, पायरीवरून पडली. मीही मान डोलावली. न्यायाच्या दिवशीही हे तसंच सांगतील, बाळा. तेव्हा खरं सांगायला मी शेजारी नको का?"