पेगचं बटण

शुभंकर, ती फ्रेम पुष्करच्या हातात देऊ नकोस. टेबलावर ठेव. शाल द्या, नारळ द्या, फोटो काढा. फ्रेम तेवढी थांबू दे.

सन्माननीय अध्यक्ष चारुदत्तकाका, व्यासपीठावरील पदाधिकारी, आजचे सत्कारमूर्ती पुष्कर आणि वॉटर्लूच्या आपल्या मंडळातील बंधुभगिनींनो, नमस्कार मागाहून करते आहे, राग मानू नका. सेक्रेटरी म्हणून निरोपाचं भाषण माझ्याकडेच होतं.

पुष्कर नोकरीसाठी ओटावाला चालला आहे. कार्यक्रम त्याच्याकडे होते त्या काळात आपला एकही कार्यक्रम उशिरा सुरू झाला नाही. या हॉलच्या पायऱ्यांवरचा स्नो तो स्वतः शोव्हल करायचा. हे खरं आहे, आणि आज सांगायलाच हवं.

महिला दिनाचा कार्यक्रमही त्याचाच. 'युद्धातल्या स्त्रिया'. मी ज्या सीनियर्स होममध्ये काम करते तिथल्या एडिथबाईंना आणायला त्यानेच मला सांगितलं. बाई शंभरीला टेकल्या आहेत. दुसऱ्या महायुद्धात त्या इथल्याच एका कारखान्यात तोफगोळ्यांत स्फोटक पूड भरायच्या. येताना त्यांनी मांडीवर एक खेळाचा पट आणला होता. तोच हा, या फ्रेममधला.

जेवणाच्या सुट्टीत त्या मुली हा खेळ खेळायच्या. सोंगट्या म्हणजे कामगार बायका. स्फोटकांसाठी घरातली चरबी गोळा करून दिली, दोन घरं पुढे. कामावर गप्पा मारल्या, तीन घरं मागे. त्या पुडीने हात पिवळे झाले, एक डाव बसा. शेवटचं घर कोणतं, कुणी वाचलंय का? 'युद्ध जिंकलं. आता घरी जा.'

एक सोंगटी हरवली होती. तिच्या जागी पेगच्या कोटाचं बटण. पेग एडिथबाईंच्या शेजारी बसून काम करायची.

त्या दिवशी पुष्करने बाईंना फासा टाकायला लावला. बाई नेमक्या पिवळ्या हातांच्या घरात आल्या. आठवतंय ना? पुष्कर माइकवर म्हणाला, "पिवळे हात? हळद आहे की आपल्याकडे! उमाताई, बाईंना जरा वॉर लूक द्या!"

हळदीकुंकवाचं तबक तयारच होतं. उमाताईंनी बाईंचे दोन्ही हात मनगटापर्यंत माखले. आपण टाळ्या वाजवल्या. माझ्यामागे स्क्रीनवर फोटो आहे. त्यात बाई हसताहेत असं वाटतं. जवळ येऊन बघा.

नाही काका, संपवतेच आहे. वडे गार होतील, कल्पना आहे मला.

वॉशरूममध्ये बाई नखांनी हात खरवडत होत्या. त्या वयात कातडी कागदासारखी असते. "यामिनी, हे निघत नाही," म्हणाल्या.

मी म्हटलं, "निघेल, एडिथ. ही हळद आहे. आम्ही रोज खातो."

"आम्हीही खायचो," त्या म्हणाल्या. "सँडविचला लागायची ती पूड. कडू."

मग पेगचं सांगितलं. आधी तिचे हात पिवळे झाले, मग केस. नाचायला गेली की मुलं तिला कॅनरी, म्हणजे पिवळा पक्षी, म्हणायची, हात धरायची नाहीत. शेवटी डोळे पिवळे झाले. ती गेली त्या दिवशी तिच्या जागेवर दुसरी मुलगी बसवली. तिची आई कोट न्यायला आली तेव्हा त्याचं एक बटण कमी होतं. एडिथबाईंनी ते कापून ठेवलं होतं.

बाईंच्या हातांना अजून बँडेज आहे. रोज विचारतात, "माझा पट?" त्या गडबडीत पट पुष्करकडेच राहिला होता; मी त्याला पुन्हा पुन्हा विचारलं. शेवटी तो म्हणाला, "अगं, तिच्या लक्षात तरी राहणार आहे का?"

आणि आज पाहते तर पट काचेखाली. बटण ग्लूने चिकटवलेलं. खाली सोनेरी अक्षरांत 'मंडळाकडून सप्रेम'.

पुष्कर, तुला नव्या नोकरीसाठी मनापासून शुभेच्छा. फ्रेम इथेच टेबलावर ठेवून जा. सकाळी कामावर जाताना मी घेईन. बाईंना मी तसं कबूल करून आले आहे.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलताना कुणाचा मान राखायचा राहिला असेल तर दोष मला द्या. बटण तेवढं बाईंचं बाईंना द्या.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलमधल्या टेबलावर नारळाच्या शेंड्या पडल्या होत्या. फ्रेम पुष्करच्या गाडीतून ओटावाला गेली होती. सीनियर्स होममध्ये एडिथबाईंनी पटासाठी खिडकीजवळचं टेबल रिकामं करून घेतलं होतं, आणि दोन खुर्च्या समोरासमोर मांडायला लावल्या होत्या.