गठ्ठ्यात बांधलेला शाहपूरचा अलार्म

अध्यक्ष चारुलताताई, व्यासपीठावरचे भोपाळचे पाहुणे, ज्यांना आज आपण निरोप देतोय ते पंडितसाहेब, त्यांच्या सौभाग्यवती आणि समोर बसलेली सगळी मंडळी, मालूबाईचा नमस्कार घ्या.

आपल्या कंपनीचे टॉवर सांभाळणारे गिरधर हे माझे मालक. ते गेल्यावर मला स्टोअरमध्ये कामाला घेतलं. जाणाऱ्या साहेबांना शाल द्यायची ती कामावर वारलेल्या माणसाच्या घरच्यांनी, अशी आपल्या ऑफिसची रीत आहे. ती पंडितसाहेबांनीच सुरू केली. म्हणून ही शाल माझ्या हातात आहे.

आत्ताच ललितभाऊंनी त्या मोठ्या बिघाडाची गोष्ट सांगितली. निंबोल्याजवळ जेसीबीनं केबल तोडली, अर्ध्या जिल्ह्याचे फोन बंद, कंट्रोल रूमचा पडदा अलार्मनी लाल. साहेबांनी सगळे अलार्म एका गठ्ठ्यात बांधले, वर एकच कारण लिहिलं, केबल तुटली. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. दुखणं एकच असेल, तर शंभर ठिकाणी मलम कशाला लावायचं? पुस्तकं आणून मी हे वाचलंय, अडलं ते कंट्रोल रूमच्या रश्मी मॅडमना विचारलंय. पद्धत चांगलीच आहे.

पण ललितभाऊ, त्या गठ्ठ्यात एक अलार्म परका होता. शाहपूरच्या टॉवरच्या लोखंडी कपाटात करंट उतरला होता, त्याचा. तो केबल तुटायच्या आधीच आला होता. मशीननंसुद्धा तो वेगळा ठेवला होता. रश्मी मॅडम साहेबांच्या शेजारच्या खुर्चीत होत्या. त्या म्हणाल्या, "सर, हा पहिलेचा आहे. ह्याला बाहेर राहू द्या."

साहेब म्हणाले, "भोपाळहून फोनवर फोन येताहेत. आधी पडदा साफ करा." आणि स्वतःच्या हातानं तो गठ्ठ्यात टाकला.

बंद टॉवर बघायला आमचे हे शाहपूरला पोहोचले. कपाटाला हात लावण्याआधी विचारायची त्यांची शिस्त. दुसऱ्या कंपनीच्या सिमवरून कंट्रोल रूमला फोन लावला. हसू नका, तुमच्याही खिशात आहे ते. विजेचा काही अलार्म आहे का, एवढंच विचारलं.

साहेबांनी पडद्याकडे पाहून सांगितलं, "काही नाही गिरधर. उघड."

त्यांनी उघडलं.

चौकशीत साहेब म्हणाले, माणूस निष्काळजी होता. रश्मी मॅडमना कुणी विचारलंच नाही. माझ्या सासूबाई, आपला मुलगा स्वतःच्या चुकीनं मेला, हेच मनात घेऊन गेल्या.

साहेब, तेव्हा मी भांडले नाही. रडण्याची सवय झाली, पण हा राग मी विझू दिला नाही. तुमचं घरदार, तुमचे वरचे साहेब आणि तुमच्या हाताखालची माणसं एका हॉलमध्ये बसतील, असा एकच दिवस होता. मी त्याची वाट पाहिली. रश्मी मॅडम, जरा उभ्या राहता? बघा, राहिल्या.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, तुम्ही सगळ्यांनी न उठता ऐकलं, त्याबद्दल आभारी आहे. बोलताना कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर बाईमाणूस समजून नव्हे, गिरधरची बायको समजून पोटात घाला. साहेबांकडून तेवढीही अपेक्षा नाही.

शाल तयार आहे, साहेब. अंगावर घालण्याआधी एवढंच म्हणा, गिरधरची चूक नव्हती. जेवण गार होईल, होऊ द्या. मी इथेच उभी आहे.

या. माईक चालू आहे.