टेबलावर राहिलेली काच

अध्यक्षस्थानी बसलेल्या अधिष्ठाताबाई, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आमचे सर, शेजारी बसलेल्या वहिनी, समोरची डॉक्टरमंडळी आणि प्रयोगशाळेतल्या माझ्या सोबत्यांनो,

मला बोलायची सवय नाही. आमचं काम मुक्याचं. शरीरातून काढलेला तुकडा मेणात बसवायचा, त्याचे अगदी पातळ काप काढायचे, काचेवर घेऊन रंगवायचे आणि सरांच्या टेबलावर ठेवायचे. म्हणून इथे मला सगळे पातळबाई म्हणतात. अंगकाठीवरून नाव पडलेलं नाही, हे तुम्हाला दिसतंच आहे. हसा, हसा. मला जरा धीर येईल.

सरांची शिस्त कुणाला ठाऊक नाही? काचेवरच्या नावावर कागदाची पट्टी चिकटवल्याशिवाय ते काच हातात घेत नाहीत. म्हणतात, "कुणाचं आहे हे कळलं की डोळा घाबरतो. मग त्याला हवं तेच दिसतं, नाहीतर नको तेच." वहिनींच्या बहिणीचा तुकडा आला, तेव्हा सरांना कुठून तरी कळलं. लगेच काच खाली ठेवून त्यांनी दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं. त्यानंतर घरात कितीतरी दिवस अबोला होता म्हणे. खरं ना, वहिनी?

दुसरी शिस्त अशी, की अवघड काचेचा निकाल एका नजरेत द्यायचा नाही. रात्र जाऊ द्यायची आणि सकाळी पुन्हा बघायचं.

काल अशीच एक काच आली. गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीची. उद्यापासून सरांची खुर्ची सांभाळणार आहेत त्या आमच्या डॉक्टरबाईंनी आधी बघितली आणि म्हणाल्या, "कॅन्सरच आहे, सर." सरांनी बराच वेळ डोळा लावला. मग म्हणाले, "घाई नको. आईच्या पोटात गळा घडत असताना काही पेशींचा पुंजका या ग्रंथीत अडकून राहतो. जन्मभर तिथे असतो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण काचेवर कधी कधी कॅन्सरसारखाच दिसतो. हा तो आहे की नाही, उद्या सांगतो."

आणि आज सकाळपासून काय चाललंय? फुलं, फोटो, भेटीगाठी. सर मायक्रोस्कोपपाशी बसले, की कुणीतरी त्यांना हाताला धरून बाहेर आणतंय. तक्रार नाही हो, कौतुकच आहे. पण ती काच अजून तिथेच पडून आहे, आणि सर उद्या येणार नाहीत.

मी दिवसभर वर प्रयोगशाळेच्या दाराशी घुटमळतेय. सरांना वर ओढून न्यावं असं वाटतं, पण कारण काय सांगू? कारण सांगितलं की ते काच खाली ठेवणार. आणि तिकडे ती मुलगी मानेला पट्टी बांधून खिडकीशी बसलीय. पाणी गिळताना तोंड वाकडं करते आणि मला विचारते, "आई, कळलं का गं काही?"

सुटलं तोंडातून.

होय, माझीच लेक. शस्त्रक्रिया दुसरीकडे झाली आणि तुकडा इथे आला. मीच कापला. रजा घेताना घरचं काम आहे म्हणून सांगितलं होतं. सर, तुम्ही काही ऐकलं नाही असं समजा ना. बसा ना, सर.

अध्यक्षबाई, सर उठले. डॉक्टरबाईंना बोलावताहेत. मागे ऐकू गेलं नसेल म्हणून सांगते, ते म्हणाले, "चला. तुम्ही बघा, मी नुसता शेजारी बसतो." शेवटच्या दिवशीसुद्धा शिस्त मोडायची नाही! अशा माणसाचं कौतुक करायला मी उभी राहिले होते, आणि आत्ता मला त्यांचा राग येतोय. मला फार भीती वाटतेय हो.

असो. मला बोलायला दिलंत, शांतपणे ऐकलंत, मी आभारी आहे. सरांना आणि वहिनींना उदंड आयुष्य लाभो. माझ्या बोलण्यात चुकलंमाकलं असेल ते पोटात घाला.

आणि डॉक्टरबाई, जिना चढायच्या आधी एवढं ऐका. काल तुमची चूक झाली असेल तर मी कधी कुणाजवळ तिचा उच्चार करणार नाही. पण चूक झालेलीच असू दे, बाई.