बिनखुणेचे डबे

मी रौनी पोक्का, वय ५६ वर्षे, व्यवसाय रेनडिअर पाळणे, राहणार हिर्विसेल्का, उत्तर फिनलंड, ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, माझे दीर ओउला पोक्का यांच्यावर खनिज शोधणाऱ्या कंपनीची यंत्रे चोरल्याची तक्रार आहे. मी पाहिले तेवढेच सांगते.

यंत्रे म्हणजे शेवाळात पुरलेले किटलीएवढे डबे. त्यांवर कुणाचेच नाव नव्हते. आमच्यात कानावर खूण नसलेले जनावर सापडले की ते कोंडवाड्यात आणतात. धनी पुढे आला नाही तर ते साऱ्या पाळकांच्या संघाचे. ओउला जन्मभर हेच करत आले. त्यांनी डबे उपटून कोंडवाड्याच्या कुंपणाशी ओळीने मांडले. मी म्हणाले, "भाऊजी, हे काय गोळा केलंत?" ते म्हणाले, "वहिनी, कान तपासले, खूणच नाही. येईल की धनी." चोरलेला माल कुणी गावासमोर मांडून ठेवल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या हेल्का रिंताला बाई तणतणत आल्या. डबे चालूच होते. त्यांतला एक संगणकाला जोडून त्यांनी पडद्यावर रेघा दाखवल्या; जमीन थरथरली की त्या उमटतात. दाट रेघा म्हणजे कोंडवाड्यात गोल फिरणाऱ्या आमच्या कळपाच्या टापा. कळप सोडल्यावर रेघ बारीक झाली, पण थांबली नाही. मी विचारले, "आता हे कोण चालतंय?" बाईंचा राग तिथे उतरला. म्हणाल्या, "हा उत्तरेचा समुद्र. लाटा तिकडं आपटतात, जमीन इथं थरथरते." समुद्र आमच्याकडून गाडीने दिवसभराची वाट आहे. मी त्या जमिनीवर उभा जन्म झोपले. 

मग त्याच थरथरीवरून काढलेले चित्र त्यांनी उघडले. दीड किलोमीटर खाली, जनावराच्या काळजासारखे, काळे काहीतरी मोठे पडून होते. निकेल आणि कोबाल्ट असावे, असे बाई म्हणाल्या. तिथे कुणी कुदळही मारलेली नाही. ओउलांनी टोपी काढली. ते टोपी फक्त चर्चमध्ये काढतात. त्या काळ्याच्या बरोबर वरची जमीन त्यांनी लगेच ओळखली. तिथे आमच्या माद्या वितात.

ओउलांनी पडद्यावरच्या त्या काळ्यावर बोट ठेवले. मग म्हणाले, "बाई, ह्याच्या कानावर खूण कुणाची?"

बाई म्हणाल्या, "अजून कुणाचीच नाही."

"मग ते संघाचं. विचारल्याशिवाय हात लावू नका."

डबे सगळे परत दिले आहेत.

जबाब मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. टोपीचे वाक्य कामाचे नाही म्हणून साहेब खोडत होते, ते मी राहू द्यायला लावले. चोर टोपी काढत नाही.