रेडिओ गप्प करायचा आहे

हॅलो?… हो, मीच. … बसले गं, बसले. आईचं ते ‘आधी बूड टेका, मग फोनला हात लावा’ अजून कानात आहे ना. बॅगेवरच टेकलेय. … नाही, मोठी नव्हे. मोठी तशीच उघडी पडलीय. ही लहान, हातातली.

ऐक. नोकरी संपली खरी, पण मी या आठवड्यात घरी येत नाहीये. … अगं ऐक ना! … हो, तिकीट पुढे ढकललं, आज सकाळीच. … माहीत आहे, माझ्यासाठी खोलीला रंग दिलास. … पडदेसुद्धा शिवलेस? … चीड, चीड. हक्कच आहे तुझा.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आजारी आहे. तिच्याकडे चाललेय. … रेडिओ. … तीच गं. सुट्टीत आले की जिच्या गोष्टी सांगून तुला हसवायची मी. वर्गात ती येण्याआधी जिचा आवाज जिन्यातून यायचा. … हो, दोन मुलांची आई आहे आता. दवाखान्याच्या खिडकीवर बसते, दिवसभर पेशंटांशी बोलते. घशाचं ऑपरेशन झालं तिच्या. … नाही, तसलं काही नाही, देवाची कृपा. गाठ साधीच निघाली. पण डॉक्टरांनी बजावलंय, जखम भरेपर्यंत एक शब्द नाही. कुजबुजसुद्धा नाही. नाहीतर आवाज कायमचा जाईल. … हो ना! रेडिओला!

दोनदा बोललीय. … एकदा नवऱ्यानं दूध उतू घालवलं म्हणून, आणि एकदा झोपेतून उठून फोनच घेतला. … हस, हस. मीही हसले आधी. मग तिचा नवरा फोनवर रडायला लागला. म्हणाला, डॉक्टर सांगतात, तिसऱ्यांदा बोलली तर आमच्या हातात काही उरणार नाही. … नाही, लिहूनही सांगत नाही. भिंतीकडे तोंड करून पडते. काल कुठे खूण करून त्याला सांगितलं, मॅडमना बोलव.

… मी काय करणार म्हणजे? गप्प बसणार. तेवढं येतं मला.

… अगं, माझं सोमवारचं मौन! विसरलीस? … हो, इंग्रजी शिकवणारी बाई आणि सोमवारी मौन. आपल्याकडे निदान लोकांना कळतं तरी. परक्या मुलखात कसं समजावणार? मुख्याध्यापकांनी विचारलं, घसा दुखतो का. … मोडणार कसा? नोकरीच्या आधीपासूनचा नेम. मग मी फळ्यावर विषय लिहायची आणि खुर्चीत बसायची. बोलायचं काम मुलांचं. मिसरूड फुटलेली धटिंगणं ती, पाय बाकाखाली मावत नाहीत, आणि इंग्रजी बोलायचं म्हटलं की कानाच्या पाळ्या लाल! पण मी बोलत नाही म्हटल्यावर ती शांतता त्यांनाच सोसवेना. मग कोणीतरी तोंड उघडायचं, आणि एकदा उघडलं की मिटतंय कशाला.

गृहपाठ का केला नाही, हा विषय तर दर महिन्याला. … खरं कोण सांगतंय! त्यांचं सगळ्यात चांगलं इंग्रजी मी थापा मारतानाच ऐकलं. एकानं तर आजीला वर्षभरात कितीदा मारलं! आणि एका सोमवारी ती आजी स्वतः डबा द्यायला दारात उभी. … काय करणार? मौन! पदर तोंडात कोंबला.

रेडिओ तर मला बोलतं करायला टपलेलीच. पायाशी उंदीर आहे म्हणाली. … होता ना खरंच! खुर्चीवर चढले, पण ब्र काढला नाही.

मग तिनं हट्ट धरला, मीपण एक सोमवार गप्प राहणार. दुसऱ्या तासालाच फुटली. सगळे हसले तिला. शाळा सुटल्यावर माझ्यासमोर घळाघळा रडली. मौन अजून सुटायचं होतं माझं, पण तोंड उघडलंच मी. … हो, मोडला नेम. देव काही रागावला नाही. म्हटलं, बाळा, एकटीनं नाही होत ते. मीसुद्धा देवासमोर बसते म्हणून जमतं. तुला खरंच कधी गप्प राहायची वेळ आली ना, तर मी येईन समोर बसायला. … पोरांना आपण काय काय बोलून जातो. मी विसरलेही होते. तिनं धरून ठेवलं.

… गुडघे आहेत तसेच. … हो, दमलेय. फार दमलेय गं. इतकी वर्षं लोकांच्या पोरांची तोंडं उघडत बसले, आता नुसतं पडून राहावंसं वाटतं. तू चहा आणून द्यावास, मी नको नको म्हणत प्यावा. … नाही गं, रडत नाहीये. थकवा हल्ली डोळ्यांतून वाहतो, एवढंच.

… कोण लागते म्हणजे? … कोणी नाही. … हो, तू सख्खी बहीण. तुला थांबता येतं, म्हणून तर तुला थांबवतेय. तिच्या घशाला थांबता येत नाही.

… घरात? नवरा, मुलं, आणि सासू. सासूला कमी ऐकू येतं. … तीच तर बोलायला लावते! ही गप्प पडलेली असली तरी ‘काय म्हणालीस?’ म्हणून दहादा विचारते.

… देव घेतलेत बरोबर, डबीत. जप काय, कुठेही होतो. … खाण्याचं नको विचारू, एकदा जेवले की झालं.

आणि हे बघ, तिथे पोचल्यावर फोन करू नकोस. … नाही, उचलणारच नाही. … अगं, ती जीभ दाबून बसलेली आणि मी तिच्यासमोर तुझ्याशी गप्पा मारू? तिचं मौन तेच माझं. … सोमवार नव्हे, रोज. … किती दिवस ते तिची जखम सांगेल. माझी खुशाली तिचा नवरा कळवत जाईल.

… टॅक्सी आली वाटतं खाली. … असू दे, थांबेल तो. मनात असेल ते आत्ताच बोलून घे. … हं. … हं. … खरंय तुझं. … मलाही गं. … बरं. ठेव तू आधी. मी दार ओढून घेते.