विहिरीत पालथे तरंगण्याबाबत

दि. ११/०१/२०२६

मी, वृषाली अमृत बनसोडे, वय २२ वर्षे, धंदा शिक्षण (एम.एस्सी. प्राणिशास्त्र, प्रथम वर्ष), रा. बेंबळी, ता. जि. धाराशिव, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून जबाब देते की,

मी वडील अमृत व आजी भिमाबाई यांच्यासह वरील पत्त्यावर राहते. गावाच्या पश्चिमेस आमची दोन एकर शेती व पायऱ्यांची विहीर आहे. पाठीला डबा बांधून मी सातव्या वर्षी याच विहिरीत पोहायला शिकले.

आमच्या विद्यापीठाचा प्रवाळातील समुद्री जीवांचा दहा दिवसांचा अभ्यासवर्ग पुढील महिन्यात लक्षद्वीप येथे आहे. तेथील प्रवेश परवान्यासाठी राहत्या हद्दीतील पोलिसांचा दाखला लागतो. माझा अर्ज दि. २ पासून याच ठाण्यात आहे. दाखला दि. १६ पर्यंत विद्यापीठात न पोचल्यास माझी जागा दुसऱ्यास जाते.

प्रवाळ म्हणजे बारीक प्राण्यांनी बांधलेला खडक. त्यावर पाय टेकला की तो मोडतो व भरून यायला वर्षे लागतात. म्हणून पालथे तरंगत, नळीने श्वास घेत, हातपाय न हलवता खालचे जीव मोजावे लागतात. वीस मिनिटे स्थिर राहता येईल त्यालाच पाण्यात सोडू, असे सरांनी सांगितले आहे. मी अद्याप समुद्र पाहिलेला नाही. घरातील कोणीच पाहिलेला नाही.

आज सकाळी ९.१५ वा. मी चष्मा व नळी लावून विहिरीत उतरले. नळी शेवाळी रंगाची असल्याने वरून दिसत नसावी. केस मोकळे होते. सतराव्या मिनिटाला माझ्याशेजारी पाण्यात मोठे काहीतरी पडले.

ते शेजारचे शेतकरी गोरोबाकाका होते. त्यांनी बांधावरून मला पाहिले, तीन हाका मारल्या, ११२ ला फोन करून "अमृतची पोरगी गेली" असे कळवले व स्वेटरसह उडी घेतली. हे मला नंतर समजले. माझे कान पाण्यात होते. गोरोबाकाकांना पोहता येत नाही. हे त्यांना व सर्व गावास माहीत आहे.

त्यांनी माझा गळा धरला. मी म्हणाले, "काका, मला सोडा, पायरी धरा."

ते म्हणाले, "जित्ती हायस व्हय तू?"

मी म्हणाले, "व्हय. पायरी धरा."

मी त्यांना ओढून पायऱ्यांवर आणले. इजा नाही. त्यांची एक चप्पल विहिरीत आहे.

तोपर्यंत काठावर शेजारच्या शांताक्का रडत होत्या. त्यांनी रडणे थांबवून विचारले, "मग पालथी पडून काय करत व्हतीस गं, बया?"

"मासे मोजत व्हते."

"किती भरले?"

"एकोणीस."

"गोरोबाला धरून ईस," असे म्हणून त्या पुन्हा रडू लागल्या.

९.५५ वा. पोलीस आले. घरात वाद आहे काय, असे विचारल्यावरून सांगते की, नाही. लग्नाचा विषय निघतो काय, असे विचारल्यावरून सांगते की, निघतो. त्याचा विहिरीशी संबंध नाही.

मी जीव देण्यास उतरले नव्हते. तशी नोंद झाल्यास माझा दाखला अडेल, म्हणून हा जबाब देत आहे. गोरोबाकाकांनी खोटी खबर दिली असेही लिहू नये. त्यांना जे दिसले ते त्यांनी कळवले आणि फोननंतर वाट पाहिली नाही. ते आता बाहेर बाकावर माझ्या वडिलांचा शर्ट घालून बसले आहेत.

माझी तीन मिनिटे राहिली आहेत. उद्या सकाळी मी पुन्हा उतरणार आहे. गोरोबाकाका काठावर घड्याळ घेऊन बसणार आहेत. उडी मारणार नाही, असे त्यांनी कबूल केले आहे.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. वरच्या कोपऱ्यात माझ्या नावाआधी फोनवरच्या खबरीवरून "मयत" असे लिहिले होते. तो शब्द माझ्यासमोर खोडला, तेथे मी सही केली. बाकी सर्व मी सांगितले तसेच उतरले असून खरे आहे.